एक वीत उजवीकडे

शारजात थंडी कळते ती एक आवाज बंद झाल्यावर. नोव्हेंबरअखेरीस एखाद्या सकाळी हात आपोआप एसीच्या बटणाकडे जातो आणि आठ महिने खिडकीत बसून घरघरणारं ते यंत्र गप्प होतं. मग पहिले दोन दिवस आपल्यालाच करमत नाही. शेजारच्या घरातली शिट्टी ऐकू येते, खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, मलबाऱ्याचं फोनवरचं भांडण ऐकू येतं, आणि आपल्या बायकोचा आवाज लग्नात होता तसाच आहे हेही लक्षात येतं. तिला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे आठ महिने तुम्ही मला ऐकतच नव्हतात."

यंदा खिडकी उघडली तेव्हा मागच्या मोकळ्या मैदानात कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पडला होता. ढोल वाजत होते. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यांतले पुरुष समोरासमोर दोन रांगा करून हातातल्या काठ्या हलकेच वरखाली करत होते. मुलगी आतून ओरडली, "बाबा, प्लीज, इट्स सो नॉइझी. आय हॅव अ टेस्ट टुमॉरो." खिडकी लावायची सोडून मी तिथेच उभा राहिलो, कारण ढोलाबरोबर मला ग्रीसचा वास आला होता. वास अर्थातच खालून आला नव्हता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीची एक थंडी माझ्या नाकात कुठेतरी बसून आहे आणि असा ढोल वाजला की ती जागी होते.

त्या वासाला मी कुठेही ओळखीन. जुन्या मेणकागदाचा, रॉकेलचा आणि पिवळट घट्ट ग्रीसचा तो वास. तेव्हा मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका तीन शटरच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होतो. दोन शटरमध्ये लेथ, वेल्डिंग, पंपांची दुरुस्ती अशी रोजची कामं चालत. तिसऱ्या शटरमागे मात्र जाळीचं दार होतं आणि भिंतीवर परवान्याची फ्रेम. आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, जुन्या बंदुकांचा नाद होता. इथल्या डोंगरातल्या घरांत आजोबा-पणजोबांच्या रायफली असतात, लग्नात त्या बाहेर निघतात, आणि म्हाताऱ्या झाल्यावर त्यांनाही डॉक्टर लागतो. तो डॉक्टर अरबाबने थेट महाराष्ट्रातून आणला होता. खैरनार काका.

काका मूळचे नाशिककडचे. आयुष्याची चौतीस वर्षं सरकारी शस्त्र कारखान्यात, त्यातली बहुतेक तपासणी खात्यात. तिथे त्यांच्या हाताखालून ज्या रायफली गेल्या, त्याच जातीच्या, आपल्याकडे हवालदाराच्या खांद्यावर दिसायची ती थ्री-नॉट-थ्री, इथे डोंगरात घरोघर होत्या. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात, काका शारजात आले. उंची बेताची, अंगात कायम सफारी, आणि खिशात चष्म्याचं घर. त्या घरात चष्मा कधीच नसायचा, तो नाकावर असायचा. आत असायची बोटाएवढी पोलादी छिन्नी, टोकाला वर्तुळात कोरलेला बारीकसा 'ख'. हा त्यांचा शिक्का. त्यांनी तपासून पसंत केलेल्या प्रत्येक नळीवर, वरून लाकूड बसलं की कुणालाही दिसणार नाही अशा जागी, हातोडीचा एकच ठोका घालून ते तो उमटवत. मग म्हणत, "पास." नापसंत असेल तर, "परत." चौतीस वर्षांच्या नोकरीतून एवढेच दोन शब्द शिल्लक राहिले होते, असं मी त्यांना चिडवत असे. ते म्हणत, "तिसरा लागतोच कशाला?"

त्या वर्षी थंडी सुरू होता होता युरोपातल्या कुठल्याशा जुन्या साठ्यातून एक लाकडी खोका आला. आत एकवीस नळ्या. रायफलीच्या सुट्या नळ्या, माझ्या जन्माआधी बनवलेल्या आणि कधीच न वापरलेल्या. प्रत्येक नळी मेणकागदात गुंडाळलेली आणि ग्रीसमध्ये बुडवलेली. बाळाचं दुपटं सोडवावं तसा काका एकेक कागद सोडवत आणि माझ्या जुन्या बनियनने ती पुसून काढत. बनियन रोज घरून आणायचं काम माझ्याकडे होतं. महिनाभरात माझं कपाट हलकं झालं.

पुसून झाली की ते नळी डोळ्याला लावून खिडकीकडे पाहत. उजेडासमोर, खिडकीच्या गजाकडे तोंड करून, हळूहळू फिरवत. एकेका नळीला पाव पाव तास. एकदा त्यांनी माझ्या हातात दिली.

"काय दिसतं?"

"भोक."

"भोक सगळ्यांना दिसतं. आणखी पाहा."

पाहत राहिलो. आधी नुसता गोल उजेड दिसला. मग त्या उजेडाच्या कडेने एकामागे एक कड्या दिसू लागल्या, विहिरीत वाकून पाहिल्यावर दिसतात तशा, आणि त्यांच्यावरून पाच आटे डावीकडे वळत वळत दूर गेलेले. गजाची सावली एका रेघेसारखी आत उतरली होती. काका म्हणाले, ती रेघ कुठे मोडली तर नळी वाकडी. एखादी कडी काळी दिसली तर तिथे नळी आतून फुगलेली, ती फाटणार. त्यांनी हे सगळं इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं, आता मलाही दिसेल. पुढचे आठ दिवस मला भोकच दिसत होतं.

एकवीसपैकी सतरा त्यांनी परत केल्या. त्यातली एक मला फार आवडली होती, आतून आरशासारखी लखलखीत. मी तिची वकिली केली तर म्हणाले, "चकाकतं ते सगळं सोनं नसतं, एवढं शाळेत शिकलास ना? लोखंडाचंही तसंच. कुणीतरी घासून घासून आतले आटे खाल्लेत हिचे." अरबाब खोक्याकडे पाहून हळहळला. काकांच्या 'परत'वर तिथे अपील नव्हतं.

मला या माणसाचा हेवा वाटायचा, अजूनही वाटतो. आता मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. सकाळी पावणेसहाला शारजातून निघतो आणि त्या जगप्रसिद्ध जॅममध्ये, पुढच्या गाडीचे लाल दिवे पाहत, दोन तास आयुष्याचा विचार करतो. आमच्याकडे मोजायला यंत्रं आहेत, केसाच्या दहाव्या भागाचा फरक पडद्यावर आकड्यात येतो, आणि हिरवा दिवा लागला की माल पुढे जातो. दिवा लागताना मी मनात "पास" म्हणतो. पण त्या मालाकडे मी नीट पाहिलेलं नसतं, हे मला माहीत असतं. काका दोन वर्षांपूर्वी नाशिकला गेले. झोपेत गेले, असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. मला एकदम विचारावंसं वाटलं होतं, त्या चष्म्याच्या घराचं काय केलंत? विचारलं नाही.

एकदा मी काकांना छेडलं होतं, की काका, तुम्ही इतकी वर्षं जी वस्तू सरळ आहे की नाही पाहिलीत, ती शेवटी कशासाठी, याचा विचार येत नाही का? ते म्हणाले, "तेव्हा माझं काम दारापर्यंत होतं. दाराबाहेर काय झालं ते मी पाहिलं नाही. इथे आलो, पहिल्याच आठवड्यात अरबाब एका लग्नाला घेऊन गेला. पोरं रायफल गरगर फिरवतात, वर फेकतात, झेलतात. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी माझी बंदूक नाचताना पाहिली." मग लगेच मूळ स्वभावावर येत, "पण पडली तर नळी वाकेल ना रे."

डिसेंबरातल्या एका सकाळी अबू राशिद आला. सत्तरीचा, वाळलेल्या खारकेसारखा, रास अल खैमाच्या पलीकडच्या डोंगरातला. काखेत घोंगडीत गुंडाळलेली रायफल आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचा परवाना. खुर्ची दिली तर बसला नाही, जमिनीवर मांडी घालून बसला. तरुणपणी तो गलबतावर खलाशी होता, खजूर घेऊन मुंबईला यायचा, त्यामुळे त्याला तेव्हाचं हिंदी येत होतं.

"हम बंबई देखा," तो आधीच सांगून मोकळा झाला. "भेंडी बाजार. चाय जैन था." जैन म्हणजे अरबीत छान.

मग त्याने घोंगडी सोडली. लाकूड हातांच्या घामाने काळं, गुळगुळीत झालेलं, त्यावर चांदीच्या तारेची दोन वेढणं. बंदूक त्याच्या बापाची. चार आठवड्यांनी त्याच्या नातवाचं, खालिदचं, लग्न होतं. त्यांच्याकडे रीत अशी, की वरातीच्या दिवशी दरीच्या पलीकडच्या कड्यावर एक पांढरा दगड ठेवतात आणि पहिला बार नवऱ्याच्या घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याने काढायचा. त्याच्या लग्नात त्याच्या आजोबाने काढला, मुलाच्या लग्नात बापाने. ह्या खेपेला त्याची पाळी होती. पहिली आणि बहुधा शेवटची.

"और नहीं लगा तो?" मी विचारलं.

"नहीं लगा तो कोई कुछ नहीं बोलेगा," तो म्हणाला. "वही मुश्किल है."

काकांनी नळी उजेडासमोर धरली आणि दुसऱ्याच मिनिटाला खाली ठेवली. मध्यावर काळी कडी होती. "बाबा, ये नहीं चलाने का. फटेगा. तुम्हारा मुँह पे फटेगा." शिवाय गजाची रेघ पुढे जाऊन मोडली होती, म्हणजे नळी वाकडीही होती.

अबू राशिदला हे ऐकून नवल वाटलं नाही. त्याचा बाप तरुण असताना डोंगरातून येत होता, गाढव घसरलं, गाढव आणि बंदूक दोन्ही दरीत. "गधा मर गया," तो म्हणाला. "बंदूक नहीं मरा." काका हसले. ते सहसा हसत नसत.

"नली बदली करो," अबू राशिद म्हणाला. "लेकिन बंदूक हमको सेम सेम मँगता. बाप का है."

"सेम सेम नहीं," काका म्हणाले. "उससे अच्छा करके देगा."

हे वाक्य मला नंतर पुष्कळदा आठवलं. त्यात काकांची सगळी आयुष्यभराची मिजास होती, आणि ती मिजास रास्त होती, म्हणून तर ती अंगाशी आली.

पुढचे दहा दिवस तिसऱ्या शटरमागे जे चाललं होतं त्याला मी काम म्हणणार नाही. शिल्लक राहिलेल्या, अजून शिक्का न बसलेल्या चार नळ्यांपैकी कुठली, इथपासून सुरुवात. नळी रायफलीच्या मागच्या भागात आट्यांवर बसते. ती गच्च घट्ट व्हावी, आणि घट्ट होईल त्याच क्षणी तिच्या टोकावरचा नेमाचा दाणा बरोबर माथ्यावर, सरळ उभा यावा. पहिली नळी आधीच घट्ट झाली, दाणा एका बाजूला झुकलेला. दुसरी माथा ओलांडून पुढे गेली. आमच्या घरातला स्टीलचा फिरकीचा डबा मी रोज उघडतो, पण झाकण आणि डबा यांचं इतकं जुळायला हवं असा विचार मला कधी शिवला नव्हता. तिसरी नळी काकांनी हाताने फिरवत आणली, शेवटी पान्याला हलका झटका दिला, आणि मागे सरकून पाहिलं. दाणा देवळाच्या कळसासारखा उभा होता. त्यांनी चहा मागवला.

मग लाकूड. जुनं लाकूड जुन्या नळीच्या अंगाने झिजलेलं, नव्या नळीला कुठे टेकतं ते कळायला नळीला काळं फासून ती लाकडात ठेवायची आणि उचलून डाग पाहायचे. काकांना त्यासाठी बाजारातलं काही पसंत पडेना. मला म्हणाले, "घरी काजळाची डबी असेल ना?" मी माधुरीला, माझ्या बायकोला, सांगितलं तर तिने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग डबी दिली आणि म्हणाली, "कुणाच्या डोळ्यांत घालणार आहात ते तरी सांगा." आठवडाभर त्या अरबी लाकडावर आमच्या घरचं काजळ उमटत होतं, आणि काका कानशीने ते डाग एकेक करून घालवत होते. नवी नळी, जुनं लाकूड आणि चांदीची वेढणं. शेवटी पाहिलं तर आधी काय होतं तेच आठवेना. मला तेव्हा हीच कमाल वाटली, की एवढं करून काही केल्यासारखं दिसत नाही.

गुरुवारी दुपारी अरबाबच्या ओळखीच्या, परवाना असलेल्या मैदानावर आम्ही ती घेऊन गेलो, धैदच्या बाजूला. काकांनी रायफल शिकंज्यात आवळली आणि लांबून दोरीने पाच बार काढले. कागद आणून पाहिला. पाच भोकं, वर चहाची बशी ठेवली तर पाचही झाकली जातील अशी, नेमक्या मध्यावर.

"पास," काका म्हणाले. खिशाकडे हात नेला, पण शिक्का मारला नाही. "मालकाच्या हातून वाजू दे. मग."

अबू राशिद आधीच येऊन सावलीत बसला होता. त्याने बंदूक हातात घेतली, लाकडावरून तळवा फिरवला, मान डोलावली. गुडघा टेकला, नेम धरला. त्याचा नेम धरणं मी पाहत राहिलो. श्वास घेतल्याचंही कळत नव्हतं. तीन बार. अरबाब जाऊन कागद घेऊन आला आणि तो अबू राशिदच्या हातात द्यायच्या ऐवजी त्याने काकांच्या हातात दिला. मध्यावर काहीच नव्हतं. तिन्ही भोकं लांब उजवीकडे.

अबू राशिदने डोक्यावरच्या फडक्याच्या टोकाने डोळे पुसले.

"आँख खलास," तो म्हणाला. "बंदूक जैन. आदमी खलास."

त्याने रायफल घोंगडीवर ठेवली, हळूच, झोपलेल्या माणसाला ठेवावं तशी. पहिला बार आता धाकटा भाऊ काढेल, बंदूक तुम्हीच ठेवा, भिंतीवर लावा, असं काहीसं म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. त्याची पाठ ताठ होती. मला ती पाठ पाहवेना.

शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, काका आमच्याकडे जेवायला असत. त्या शुक्रवारी ते कागदाची गुंडाळी घेऊन आले. वरणभाताच्या शेजारी कागद पसरला. माधुरी म्हणाली, "काका, आधी जेवून घ्या हो, गार होतंय." काकांनी ऐकलं नाही. त्यांनी वाटीएवढी जागा बोटाने दाखवली. "सुहास, हे बघ. तिन्ही भोकं एका वाटीत आहेत."

"पण चुकलेली आहेत."

"डोळे गेलेल्या माणसाच्या गोळ्या अशा पडतात? एक इथे, एक तिथे पडेल. हा माणूस तीनदा एकाच जागी मारतो. ही जागा त्याने ठरवून मारलेली आहे." त्यांनी अंगठा मध्यावर ठेवला आणि पंजा ताणला. करंगळी बरोबर भोकांवर टेकली. ते तसेच बसून राहिले, एक हात कागदावर आणि दुसरा उष्टा. "एक वीत," म्हणाले. "गाढव पडलं रे. गाढव पडलं तेव्हापासून."

मला एकदम कळलं नाही. मग आमच्या डोंबिवलीच्या घरातलं घड्याळ आठवलं. ते दहा मिनिटं पुढे असायचं, वर्षानुवर्षं, आणि आई त्यावर सगळं बिनचूक करायची. एका सुट्टीत मी मोठ्या शहाणपणाने ते बरोबर लावलं आणि दुसऱ्या दिवशी तिची बस चुकली. ती घड्याळात सहा चाळीस पाहून साडेसहा समजली होती. मी म्हटलं, अगं पण आता ते बरोबर आहे. ती म्हणाली, "तुझं बरोबर तुझ्याजवळ ठेव."

वाकलेली नळी डावीकडे मारायची. डोंगरात ती सरळ करणारा कोण होता? म्हणून बापाने नेम एक वीत उजवीकडे धरायला शिकून घेतलं, मुलाला तसंच शिकवलं, आणि मुलगा सत्तर वर्षांचा होईपर्यंत त्याच्या डोळ्याला तेच सरळ झालं. काकांनी नळी सरळ केली आणि म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा चुकला.

"त्याला सांगू या ना मग, सरळ नेम धर म्हणून," मी म्हटलं.

"तू उद्यापासून डाव्या हाताने जेव," काका म्हणाले. "आणि पंधरा दिवसांनी चारशे माणसांसमोर जेवून दाखव."

शनिवारी त्यांनी भंगारातून जुनी नळी शोधून लेथवर फिरवली. तिचं टोक हवेत बारीक गोल काढत होतं. किती वाकडी, कुठे वाकडी, हे काकांनी मोजलं. उपाय तर सोपा होता. नव्या नळीवरचा नेमाचा दाणा त्याच्या खाचेत थोडा उजवीकडे सरकवायचा, म्हणजे गोळ्या पुन्हा एक वीत डावीकडे जातील. आणि अबू राशिदचा जुना नेम त्यांना बरोबर दगडावर नेईल. दोन हलके ठोके. पण काका हातोडी घेऊन बसले ते बसले. केसभर सरकलेला दाणा पाहून ह्या माणसाने लॉटच्या लॉट परत केले होते. त्यासाठी साहेबांशी भांडले होते, बढती गमावली होती. ते दोनदा चहा प्यायले. मग मला म्हणाले, "तू जरा बाहेर जा."

मी शटरबाहेर उन्हात उभा राहिलो. थंडीतलं ऊन, इथे वर्षातून दोन महिनेच अंगावर घ्यावंसं वाटतं असं. आतून टक आवाज आला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक.

आत गेलो तेव्हा ते हात पुसत होते. मी म्हटलं, "शिक्का?"

"वाकड्यावर माझा शिक्का नाही," ते म्हणाले, आणि चष्म्याचं घर खिशात ठेवलं.

अबू राशिदकडे फोन नव्हता. नातवाचा मोबाईल नंबर अरबाबकडे होता. खालिद कुठल्याशा ऑफिसात होता, चांगलं इंग्रजी बोलायचा. आजोबांना पुन्हा एकदा पाठव म्हटलं, तर "इन्शाल्ला, आय विल टेल हिम" म्हणाला. इन्शाल्लाचे इथे अनेक अर्थ होतात, त्यातला कुठला हे आवाजावरून कळतं. आम्हाला कळलं. म्हातारा आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला, बंदूक जाळीच्या दारामागे उभी होती, आणि काका रोज सकाळी तिच्याकडे एकदा पाहत. मोजमाप बरोबर आहे की नाही हे त्या म्हाताऱ्याच्या डोळ्याशिवाय कुणालाच सांगता येणार नव्हतं.

शेवटी लग्नाच्या दिवशी अरबाबच म्हणाला, "यल्ला, हमलोग जाएगा." बंदुकीचे कागद त्याने जवळ घेतले, काका धुतलेली सफारी घालून पुढे बसले, मी मागे. डोंगर सुरू झाले तशी हवा बदलली. आदल्या आठवड्यात तिथे पाऊस पडून गेला होता आणि दरीतल्या दगडांखाली अजून पाणी वाजत होतं. मांडव डोंगराच्या सपाटीवर होता. भाताची परातीएवढी ताटं, वेलदोड्याचा घमघमाट, आणि एका कोपऱ्यात एक माणूस पितळी खलबत्त्यात कॉफी कुटत होता, तीही ठेक्यात, बाहेरच्या ढोलाशी जुळवून. पलीकडच्या कड्यावर पांढरा दगड मांडलेला होता. इथून तो गोट्याएवढा दिसत होता.

अबू राशिद पाहुण्यांत बसला होता. काकांच्या हातातली घोंगडी पाहून तो उठला, पण पुढे आला नाही. काकाच त्याच्यापर्यंत गेले. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाची माफी मागितली असेल असं मला वाटत नाही, आणि त्यांना ती मागताही आली नाही. ते एवढंच म्हणाले, "बाबा, गलती हमारा था. तुम्हारा आँख का नहीं. जैसा बाप ने सिखाया, वैसा मारो. अपना मन से कुछ बदली मत करना."

अबू राशिदने त्यांच्याकडे पाहिलं. मग घोंगडी सोडली आणि सपाटीच्या टोकाशी जाऊन गुडघा टेकला. धाकटा भाऊ मागे सरकला. ढोल थांबले, कॉफीचा ठेकाही थांबला. चारशे माणसं गप्प झाली की डोंगर किती मोठे आहेत ते कळतं. मी दगडाकडे पाहत होतो. काकांनी मात्र डोळे मिटून घेतले होते, मला ते स्वच्छ आठवतं.

बार झाला. दरीने तो दोनदा परत म्हणून दाखवला. कड्यावर पांढरी धूळ उडाली आणि ती बसली तेव्हा दगड तिथे नव्हता.

मग जो गलका झाला तो झाला. अबू राशिद उठला नाही. त्याने बंदुकीच्या लाकडाला गाल लावला आणि थोडा वेळ तसाच राहिला. नंतर खालिदला हाक मारली. नवरदेव अत्तराचा घमघमाट घेऊन आला. म्हाताऱ्याने बंदूक त्याच्या हातात दिली, कड्यावर दुसरा दगड ठेवायला लावला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर आपला पंजा ताणून धरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"शिबर," तो म्हणाला. एक वीत. आणि उजवीकडे बोट केलं.

खालिदचा दगड उडाला की नाही मला आठवत नाही, कारण मी काकांकडे पाहत होतो. त्यांनी डोळे उघडले होते. तो ताणलेला पंजा ते पाहत होते, बाप, मुलगा, आणि आता त्याचा नातू. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं.

खालिदचं झाल्यावर ते पुढे गेले आणि अबू राशिदपुढे हात केला. त्याने बंदूक दिली. काका खाली गालिच्यावर बसले, ती रिकामी आहे हे एकदा पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि नळीवरची लाकडी पट्टी सोडवून बाजूला ठेवली. अबू राशिद समोर मांडी घालून बसला आणि त्याने बंदूक दोन्ही हातांनी आपल्या मांडीवर घट्ट धरली. काय चाललंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी छिन्नी टेकवली, इकडेतिकडे पाहिलं. हातोडी आणली नव्हती. मी धावत गेलो आणि कॉफीवाल्याकडून त्याचा पितळी बत्ता मागून आणला.

टक.

काकांनी बोटाने तो 'ख' चाचपून पाहिला, पट्टी बसवली, बत्ता सफारीला पुसून माझ्याकडे दिला. "पास," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "परत देऊन ये त्याला, कॉफी राहिली असेल त्याची."